पवित्र शास्त्र आणि जीवशास्त्र

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी मराठी कसं काय बोलता?" याचं उत्तर सोपं आहे. आम्ही अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आमच्या घरात बायबल मराठीतच वाचलं गेलं, प्रार्थना मराठीतच झाल्या आणि भांडणंही मराठीतच झाली. दिवाळीला शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट यायचं आणि नाताळात तेच ताट करंज्या घालून परत जायचं.

दुसरा प्रश्न जरा जपून विचारला जातो. "तुम्ही हायस्कूलला बायोलॉजी शिकवता ना? आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूलही घेता म्हणे. मग ते सहा दिवसांत जग निर्माण झालं वगैरे, त्याचं काय करता?" हातात ताट असताना याचं उत्तर देता येत नाही. म्हणून यंदा संपादकांकडे जागा मागून घेतली.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. आकाश आणि पृथ्वी देवाने निर्माण केली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं आहे, विश्वाचं सुमारे 1380 कोटी वर्षं आहे, आणि आपण सगळे सजीव एकाच प्राचीन वंशवृक्षाच्या फांद्या आहोत, हेही मला मान्य आहे. या दोन गोष्टींतली एक निवड, असं जे कोणी आपल्या मुलांना सांगतात, मग ते चर्चमधले असोत की नास्तिक असोत, ते मुलांचं नुकसान करतात असं माझं ठाम मत आहे.

या गोंधळाचं मूळ थोडं आपल्या भाषेतही सापडतं. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो. शाळेत आपण शिकलो ते जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. स्वयंपाक हे पाकशास्त्र आणि गाणं हे संगीतशास्त्र. शब्द एकच, पण प्रत्येक शास्त्राचा प्रश्न वेगळा आणि उत्तर शोधायची रीतही वेगळी. पाकशास्त्राच्या पुस्तकात भूकंपाचं कारण कोणी शोधत नाही. मग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जीवाश्मांचं वय शोधायला आपण का जातो?

ज्यांनी तो अध्याय वाचलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी प्रकाश. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी वेगळं होतं. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी जलचर आणि पक्षी. सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. सातव्या दिवशी विसावा. आता हे दिवस तीन-तीनच्या दोन ओळींत मांडून बघा. पहिल्या दिवशी प्रकाश, तर चौथ्या दिवशी प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, तर पाचव्या दिवशी त्यांत राहणारे पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन, तर सहाव्या दिवशी जमिनीवर राहणारे. आधी तीन दालनं बांधली आणि मग ती भरली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी संध्याकाळ आणि सकाळ झाल्याचं तेच पालुपद येतं. फक्त सातव्या दिवसाला ते नाही, जणू तो दिवस अजून संपलेलाच नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही रचना कशाची आहे हे सांगावं लागू नये. ही प्रयोगशाळेतली नोंदवही नव्हे.

पण चौथ्या दिवशी सूर्य आला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशाने? ही शंका डार्विनने काढलेली नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने ती स्पष्टपणे मांडली होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याचं मत असं, की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं आणि हे सहा दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नाहीत. त्याच ग्रंथात त्याने आपल्याच लोकांची कानउघाडणी केली आहे. निसर्गाबद्दल ज्या गोष्टी बाहेरच्या लोकांना अनुभवाने आणि तर्काने नीट ठाऊक आहेत, त्यांबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलू लागला, तर लोक हसतात, आणि मग त्याच शास्त्रातल्या पुनरुत्थानाच्या गोष्टीवर ते कसा विश्वास ठेवतील, असा त्याचा सवाल आहे. सोळाव्या शतकात कॅल्व्हिननेही सांगितलं, की मोशेने सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसतं तसं लिहिलं, ज्याला खगोलशास्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. आपल्या पंचांगात सूर्योदयाची वेळ छापलेली असते. म्हणून पंचांगकर्त्यांना पृथ्वी फिरते हे ठाऊक नाही, असं आपण म्हणत नाही.

शिवाय उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात निर्मितीची गोष्ट पुन्हा येते आणि तिचा क्रम वेगळा आहे. तिथे आधी मातीतून माणूस घडतो, मग बाग, मग प्राणी आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल असं मानणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्यांना तो दिसला आणि तरी त्यांनी दोन्ही ठेवले, कारण दोन्हींतून त्यांना काही सांगायचं होतं.

मग अमेरिकेत हे भांडण इतकं पेटलं कसं? आर्चबिशप जेम्स अशर याने 1650 मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि राजांची वर्षं मोजून जगाची सुरुवात इ.स.पूर्व 4004 मध्ये ठरवली. पुढे हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि समासातला आकडा लोकांना मूळ वचनाइतकाच पवित्र वाटू लागला. तरीही 1859 मध्ये डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा सगळे ख्रिस्ती लोक त्याच्या विरुद्ध उभे राहिले नाहीत. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन होता आणि अमेरिकेतला डार्विनचा मोठा पाठीराखाही होता.

जुलै 1925 मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला 100 डॉलर दंड झाला. बायबलची बाजू लढवणारा विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला, तेव्हा उत्पत्तीतले दिवस चोवीस तासांचेच असायला हवेत असं नाही, हे त्यानेही मान्य केलं. पृथ्वी अवघी काही हजार वर्षांची आहे आणि खडकांचे सगळे थर नोहाच्या जलप्रलयाने बनले, हा विचार अमेरिकन चर्चमध्ये घरोघर पोचला तो 1961 मध्ये व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांचं 'द जेनेसिस फ्लड' हे पुस्तक आल्यानंतर. म्हणजे ज्याला आज 'जुनी, मूळ श्रद्धा' म्हणून विकलं जातं, त्याचा हा आताचा अवतार आपल्यातल्या कित्येक आजोबांपेक्षा वयाने लहान आहे.

हे सांगायची गरज मला का वाटते? आमच्यासारखी भारतातून आलेली ख्रिस्ती कुटुंबं इथे मराठी मंडळी जवळ नसली, की सोयीच्या अमेरिकन चर्चमध्ये जाऊ लागतात. तिथली माणसं प्रेमळ असतात. नवीन आलेल्यांना सोफा देतात, आजारपणात जेवण पोचवतात. पण काही ठिकाणी त्या प्रेमाबरोबर एक अटही हळूच येते : डायनोसॉर आणि माणूस एकाच काळात होते हे मान्य कर, नाहीतर तुझा बायबलवर विश्वास नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल ते ऐकतं. पंधराव्या वर्षी ते माझ्यासारख्या कुणाच्या वर्गात बसतं, जीवाश्मांचे थर बघतं, माणूस आणि चिंपांझी यांच्या गुणसूत्रांची तुलना बघतं. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर डोळे मिटून घ्यायचे, किंवा चर्चने इथे चुकीचं सांगितलं म्हणजे सगळंच चुकीचं सांगितलं असं ठरवून बाहेर पडायचं. मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली आहेत. हुशार आणि प्रामाणिक मुलं बहुधा दुसऱ्या वाटेने जातात.

आता कोणी म्हणेल, "एवढं सगळं बाजूला काढल्यावर त्या अध्यायात उरलं काय?" माझ्या मते जे उरतं, तेच त्यात मुळात होतं.

अनेक अभ्यासकांच्या मते या अध्यायाला आजचं रूप मिळालं ते इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या आसपास, यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात असताना किंवा त्यानंतर. बाबेलची निर्मितीकथा तेव्हा प्रसिद्ध होती. तिच्यात देवांची लढाई होते, मारल्या गेलेल्या एका देवाच्या रक्तापासून माणूस बनवला जातो आणि तो कशासाठी, तर देवांचे कष्ट उपसण्यासाठी. सूर्य आणि चंद्र हे तिथे मोठे देव. राजा हा देवाची प्रतिमा. आणि परमुलखात बंदिवान असलेली माणसं काय सांगतात? सूर्य आणि चंद्र यांची ते नावंसुद्धा घेत नाहीत, एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, एवढंच म्हणतात. माणूस वेठबिगारीसाठी जन्मलेला नाही. देवाची प्रतिमा फक्त राजा नव्हे, तर प्रत्येक माणूस, आणि पुरुष व स्त्री दोन्ही. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना विसावा, आणि निर्गमाच्या पुस्तकातली आज्ञा सांगते तसा तो दासाला, दासीला, परक्याला आणि गुराढोरांनाही. रविवारीसुद्धा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या आपल्या पिढीला या शेवटच्या ओळीची गरज जीवाश्मांच्या वादापेक्षा जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या माझ्या पूर्वजांना याच ओळींचं मोल वाटलं असणार. नगर जिल्ह्यात जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य गावकुसाबाहेरचे होते. पृथ्वी किती वर्षांची आहे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपल्या सावलीचाही विटाळ मानला जात असताना, आपण देवाच्या प्रतिमेचे आहोत हे ऐकणं काय असेल, याचा विचार करा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, ती बायाबापड्यांनाही ते वाचता यावं म्हणून. आणि ज्यांनी ख्रिस्ती धर्म कधीच स्वीकारला नाही, त्या जोतीराव फुल्यांनी निर्मात्यासाठी 'निर्मिक' हा सुंदर शब्द वापरला. चार वर्ण चार वेगळ्या अवयवांतून आले ही कल्पना त्यांनी नाकारली आणि सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं आहेत, या पायावर सार्वजनिक सत्यधर्म उभा केला. निर्मितीच्या श्रद्धेचं खरं काम काय, हे मला उत्पत्तीवरच्या कित्येक इंग्रजी पुस्तकांपेक्षा जोतीरावांच्या त्या एका शब्दातून जास्त कळतं.

गंमत अशी, की या मुद्द्यावर जीवशास्त्र उत्पत्तीच्या विरोधात नाही. एकोणिसाव्या शतकात हार्वर्डमध्येच लुई आगासी हा नामवंत शास्त्रज्ञ होता. तो डार्विनचा कट्टर विरोधक होता आणि निरनिराळ्या वंशांची माणसं वेगवेगळी निर्माण झाली असं तो मानायचा. गुलामगिरीच्या समर्थकांना हे मत सोयीचं होतं. डार्विन मात्र साऱ्या मानवजातीचा उगम एकच मानत होता, आणि आजचं जनुकशास्त्र त्याच बाजूने आहे. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के सारखा असतो. यावरून माणूस देवाची प्रतिमा आहे हे सिद्ध होत नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण आपण सगळे एका कुटुंबातले आहोत हे माझ्या सोमवारच्या वर्गात आणि रविवारच्या वर्गात, दोन्हीकडे मला सारख्याच आवाजात सांगता येतं.

या समजुतीने सगळे प्रश्न सुटतात असं मात्र मी म्हणणार नाही. आदाम हा एक माणूस होता की 'आदाम' म्हणजे मानवजात? हिब्रूत या शब्दाचा अर्थच माणूस आहे आणि तो मातीच्या 'अदामा' या शब्दाशी जोडलेला आहे. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आदामामुळे पाप आणि मरण जगात आलं असं म्हणतो, त्याचं काय करायचं? आणि ज्या निर्मितीला देव 'चांगलं' म्हणतो, तिच्यात कोट्यवधी वर्षं एका जिवाने दुसऱ्याला खाऊन जगायचं, हे कसं? हे प्रश्न खरे आहेत आणि ख्रिस्ती विचारवंत दीडशेहून अधिक वर्षं त्यांच्याशी झगडताहेत. त्याच पत्रात पौल सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचंही म्हणतो, आणि मला त्या ओळीचा आधार वाटतो. पण कठीण प्रश्न आहेत म्हणून खडकांचं वय बदलत नाही.

काही वाचक इथपर्यंत मनातल्या मनात हसले असतील : बघा, या लोकांची किती पंचाईत, आमच्याकडे असलं काही नाही. तुमच्याशीही थोडं बोलते, हक्काने. आपल्याकडे नासदीय सूक्त आहे. सृष्टी कुठून आली, हे विचारून तो प्रश्न शेवटी उघडा ठेवण्याचं धैर्य त्यात आहे. पण त्याच आपल्याकडे पुराणांतल्या प्रत्येक गोष्टीत आधुनिक विज्ञान शोधून काढणारे संदेश रोज सकाळी मोबाइलवर येतात. दशावतार म्हणजे उत्क्रांतीच, कल्पांचे आकडे म्हणजे खगोलशास्त्रच, वगैरे. आणि 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, त्यात अमेरिकन चर्चचा काही हात नव्हता. धर्मग्रंथाला विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवून द्यायची घाई आणि विज्ञानाला धर्मग्रंथाच्या चौकटीत कोंबायची घाई, ही एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत.

याबाबतीत मला एका कॅथलिक धर्मगुरूचा आदर्श समोर ठेवावासा वाटतो. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचं गणिताने मांडलं आणि पुढे ज्याला बिग बँग म्हणू लागले त्या सिद्धांताचा पाया घातला. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात उत्पत्तीच्या पहिल्या वचनाचा पुरावा असल्याचं सुचवलं, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. माझा सिद्धांत बायबलच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरू नका, अशी त्यांची भूमिका होती. ते रोज प्रार्थना करत आणि रोज समीकरणंही सोडवत, पण एकाचा पुरावा दुसऱ्यात मागत नसत.

इथेच वाढलेल्या मुलामुलींनो, अंकाचा इंग्रजी भाग संपवून तुम्ही या पानापर्यंत आला असाल, किंवा आईबाबा तुम्हाला हे वाचून दाखवत असतील, तर तुमच्यासाठी एवढंच. वर्गात पुराव्याचा प्रश्न आला, की पुराव्यानेच उत्तर द्या, "आमच्या धर्मात असं आहे" हे तिथे उत्तर नाही. आणि कोणी म्हणालं की उत्क्रांती खरी म्हणजे देव खोटा, तर त्यालाही पुरावा मागा, कारण तेही जीवशास्त्राच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

आणि आईबाबांनो, आजीआजोबांनो, मुलाने "हे खरंच सहा दिवसांत झालं का?" असं विचारलं, तर "गप्प बस, देवाबद्दल असं बोलू नये" म्हणू नका, आणि "त्या सगळ्या जुन्या भाकडकथा" असंही म्हणू नका. त्याच्याबरोबर तो अध्याय वाचा, जमलं तर मराठीतून. सोळाव्या शतकात गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सला हे समजलं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणाची ओढ आहे हे ओळखून त्याने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं आणि सुमारे 11 हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात सृष्टीच्या निर्मितीपासून कथा सांगितली आहे. या गोष्टी ओवीच्या लयीत ऐकायच्या, मनात घोळवायच्या आणि त्यांतून कसं जगायचं ते शिकायचं. मग दुसऱ्या दिवशी मुलाला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये न्या आणि डायनोसॉरसमोर मनसोक्त उभं राहू द्या. त्याला दोन्ही ठिकाणी आश्चर्य वाटलं पाहिजे.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. पुढच्या वेळी जेवणाच्या रांगेत भेटलो, तर हा प्रश्न पुन्हा जरूर विचारा. मात्र ताट खाली ठेवून बसून बोलू.